दिलेली विधाने सत्य माना

वकिलीच्या प्रवेशपरीक्षेचं कुठलंही गाईड उघडा. बुद्धिमत्ता चाचणीच्या भागात वरच सूचना छापलेली असते : दिलेली विधाने वस्तुस्थितीशी जुळत नसली तरी ती सत्य माना आणि निष्कर्ष काढा. खाली विधानं. सर्व कुत्री मांजरं आहेत. काही मांजरं टेबलं आहेत. निष्कर्ष एक बरोबर, निष्कर्ष दोन बरोबर, दोन्ही बरोबर, एकही नाही.

दोस्तांनो, ही सूचना आपल्याला नवी नाही. आपल्या बापजाद्यांनी दोन हजार वर्षं हाच पेपर सोडवला. सर्व महार-मांग अपवित्र आहेत. अपवित्राची सावली विटाळते. विधाने सत्य माना. वस्तुस्थिती विचारू नका. निष्कर्ष आधीच काढून ठेवलाय, तुम्ही फक्त गावकुसाबाहेर जाऊन बसा. त्या पेपरात पाव मार्क कापायची भानगड नव्हती. उत्तर चुकलं की सरळ डोकं फुटायचं.

वस्तीतल्या विहारात आमचा अभ्यासवर्ग चालतो. यंदा त्यात वकिलीला जाणारी सातआठ पोरंपोरी आहेत, आणि ह्या तर्काच्या भागावरून वर्गात सरळ दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, हा बामणी कावा आहे, आपल्या पोरांना गाळायची चाळणी आहे, टाका बहिष्कार. दुसरा तट काहीच म्हणत नाही. तो क्लासला जातो, सर सांगतात ते उतरवून घेतो आणि मनाशी धरून चालतो की ज्याला हे पटकन सुटतं तो जन्मजात हुशार. आपल्याला सुटत नाही म्हणजे आपण ढ. मला दोन्ही तट मान्य नाहीत. पहिल्याचा राग खरा आहे. पण रागाने पेपर सुटत नाही, आणि कोर्टात जामीन अडवता येत नाही.

आधी त्या रागाचा हिशोब करू, कारण तो फुकटचा नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट २००८ पासून चालू आहे. २०२० पासून तिचा ढंग बदलला. आता उतारे देतात आणि उताऱ्यावर प्रश्न विचारतात. दोन तासांत एकशेवीस प्रश्न, चुकलं की पाव मार्क कापला. त्यातला साधारण पाचवा हिस्सा तर्काचा. सगळा पेपर इंग्रजीत. मुंबई, नागपूर, संभाजीनगर अशी तीन विधी विद्यापीठं महाराष्ट्रात आहेत, महाराष्ट्राच्या कायद्याने उभी राहिलीत, पण आत जायचा दरवाजा इंग्रजी बोलतो. तालुक्याच्या कोर्टाची भाषा मराठी. तिथे ज्याच्यासाठी उभं राहायचं त्या अशिलाची भाषा मराठी. पण वकील व्हायचं तर आधी सिद्ध करा की तुम्ही साडेचारशे शब्दांचा इंग्रजी उतारा घड्याळ बघत पचवू शकता. फी? खुल्यांना चार हजार, आपल्याला साडेतीन हजार. म्हणजे दोन हजार वर्षांची नुकसानभरपाई रुपये पाचशे फक्त. पावती सांभाळून ठेवा.

राज्याची सीईटी २०१६ पासून आहे. ती त्यातल्या त्यात माणसात आहे : प्रश्न मराठीतही असतात, चुकलं तर मार्क कापत नाहीत. (एवढं तरी लक्षात ठेवा रे : सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. दर वर्षी कुणीतरी वीस प्रश्न कोरे ठेवून येतो आणि सांगतो, 'खात्री नव्हती.' खात्री गेली खड्ड्यात, एक पर्याय निवड.)

आता प्रश्न बघा. नातेसंबंध नावाचा एक प्रकार आहे. 'फोटोकडे बोट दाखवून एक बाई म्हणाली, हा माझ्या आईच्या वडिलांचा एकुलता एक मुलगा आहे.' आपल्या वस्तीतलं सहा वर्षांचं पोरगं सांगेल, मामा. एका शब्दात. आपल्या भाषेत मामा वेगळा, काका वेगळा, मावशीचा नवरा वेगळा, आत्याचा वेगळा. इंग्रजीत सगळे अंकल. ज्या भाषेत नात्यांना पुरेसे शब्द नाहीत तिच्यात ते कोडं होतं, आणि ते कोडं सोडवायला आपल्या मामा-मावश्यांच्या पोराला क्लास लावावा लागतो. मग बैठक व्यवस्था. सहा मित्र गोल टेबलाभोवती बसलेत. अ हा ब च्या शेजारी बसत नाही. क हा ड च्या समोर आहे. तर फ च्या डाव्या हाताला कोण? गोलमेज म्हटलं की आपल्याला १९३० ते ३२ चं लंडन आठवतं. आणि कोण कुणाच्या शेजारी बसत नाही हे तर आपल्याला शिकवायलाच नको. साताऱ्याच्या शाळेत एक पोरगं घरून गोणपाट नेऊन कोपऱ्यात बसत होतं. ती बैठक व्यवस्था कुठल्या तर्काने ठरली होती, हे विचारणारा प्रश्न मी अजून एकाही गाईडात पाहिला नाही.

आणि तरीही मी म्हणतो, बहिष्कार नको. का ते नीट ऐका.

तर्काला बंदी कुणी घातली होती? मनुस्मृतीचा दुसरा अध्याय काढा. श्रुती-स्मृती ही धर्माची मुळं आहेत आणि हेतुशास्त्राच्या, म्हणजे तर्कविद्येच्या जोरावर जो त्यांचा अवमान करील त्याला सज्जनांनी वाळीत टाकावं, तो नास्तिक, असं तिथे आहे. त्यातली गंमत बघा. ही धमकी द्विजाला दिलीय. शूद्राचा उल्लेखही नाही. म्हणजे शूद्र तर्क लढवू शकतो ही शक्यताच लिहिणाऱ्याच्या डोक्यात शिरलेली नाही. ह्यालाच परीक्षेच्या भाषेत गृहीतक म्हणतात : जे विधानात लिहिलेलं नसतं, पण ज्याच्यावर विधान उभं असतं. १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला त्या पुस्तकाला काडी लावली तेव्हा हे गृहीतकसुद्धा जळालं. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन'मध्ये नेमकं ह्याच जागेवर बोट ठेवलंय, की हिंदूला आपल्या आचाराबद्दल बुद्धीने विचार करायची मोकळीकच शास्त्रांनी ठेवलेली नाही.

मग तर्क बामणी कसा? तर्क तर आपल्या घरातला आहे. दिङ्नाग, धर्मकीर्ती ही बौद्ध तर्कशास्त्राची मोठी नावं. धर्मकीर्ती सातव्या शतकातला. अक्कल ठार मेल्याच्या पाच खुणा त्याने नोंदवून ठेवल्यात : वेद प्रमाण मानणं, जग कुणी कर्त्याने घडवलं असं मानणं, आंघोळीने पुण्य मिळतं असं मानणं, पाप फेडायला देह जाळणं-पोळणं, आणि जातीचा माज. तेराशे वर्षांपूर्वी. हे आपल्याला कुठल्या शाळेत शिकवलं? आपल्याला कुत्री-मांजरं-टेबलं मिळाली.

आणि त्याच्याही आधी बुद्ध. कालामांना त्याने सांगितलं की परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, आपला गुरू म्हणतो म्हणून मानू नका. एवढं आपण भाषणांतून सांगतो आणि टाळ्या घेतो. पण त्याच यादीत पुढे असंही आहे की नुसत्या तर्काला जुळतंय म्हणूनही मानू नका. हे आपण गाळतो. हीच तर परीक्षेच्या त्या सूचनेतली मेख आहे. कुत्री-मांजरांचा प्रश्न फक्त जुळणी तपासतो. विधानं खरी असती तर निष्कर्ष आला असता का, एवढंच. विधानं खरी आहेत का, हे तो विचारत नाही. जुळणी वेगळी, सत्य वेगळं. हा फरक ज्याच्या हाडात मुरला त्याला कुणी शब्दांनी फसवू शकत नाही.

'सत्य माना' ह्याचे दोन अर्थ होतात. एक गुलामाचा : मान आणि गप्प बस. दुसरा वकिलाचा : तुझं म्हणणं घटकाभर खरं मानतो, आता बघू तुझा निष्कर्ष निघतो का. समोरच्याचं विधान हातात घ्यायचं, त्याच्याच पायऱ्यांनी चालायचं आणि शेवटच्या पायरीला दाखवून द्यायचं की इथे जमीनच नाही. जात म्हणजे श्रमविभागणी, असं सनातनी म्हणत. बाबासाहेब म्हणाले, बरं, श्रमविभागणी घ्या. पण ही श्रमांची विभागणी नाही, श्रमिकांची आहे, आणि ती उतरंडीने रचलेली आहे. जगात दुसऱ्या कुठल्या देशात श्रमविभागणीबरोबर माणसांची अशी पायरी-पायरीने वाटणी होते? खलास. शिवी नाही, आरडाओरडा नाही. ग्रेज इनच्या ह्या बॅरिस्टरने क्लॅट दिली नव्हती, पण क्लॅट जे मागते ते ह्याच्याहून वेगळं काही नाही.

आता पेन्सिल घ्या. कुत्री-मांजरं बाजूला ठेवू आणि निकालपत्रं काढू.

२५ डिसेंबर १९६८. तंजावर जिल्ह्यातलं किळवेनमणी. (पुन्हा तीच तारीख. योगायोगच, पण मला ती तारीख वाचली की झोप येत नाही.) मजुरीच्या लढ्यातल्या दलित शेतमजुरांची ४४ माणसं, बायका-पोरं-म्हातारे, एका झोपडीत जळून मेली. खालच्या कोर्टाने जमीनदारांना शिक्षा दिल्या. मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. त्यातलं एक कारण असं : ही श्रीमंत माणसं, मोठ्या जमिनींचे मालक, एकाकडे तर मोटार, ती नोकरांना न पाठवता स्वतः पायी जाऊन घरं पेटवतील हे पटत नाही.

आता मांडा. आधारविधान : आरोपी श्रीमंत आहेत. निष्कर्ष : आरोपींनी आग लावली नाही. मधली पायरी कुठाय? लिहिलेलीच नाही : श्रीमंत माणूस गुन्हा स्वतःच्या हाताने करत नाही. हे गृहीतक. गृहीतक ओळखायची एक साधी रीत आहे. ते उलटं करून वाचा. 'श्रीमंत माणूससुद्धा गुन्हा स्वतःच्या हाताने करू शकतो.' आता निष्कर्ष उभा राहतो का? कोसळतो. म्हणजे सगळं त्याच्यावर तोललं होतं. रीत एवढीच आहे. क्लासवाले ह्याचेच हजारो रुपये घेतात.

दुसरं. राजस्थानातलं भटेरी, १९९२. बालविवाह अडवणाऱ्या भंवरीदेवींवर सामूहिक बलात्काराची फिर्याद. १९९५ ला जयपूरच्या कोर्टाने आरोपी सोडले. वरच्या जातीचा माणूस खालच्या जातीच्या बाईला हात लावणार नाही, चुलता-पुतण्या मिळून असलं कृत्य करणार नाहीत, अशी कारणं दिली. उलटं करून वाचा. आपल्या आयाबहिणींना हे उलटं वाक्य शिकवावं लागत नाही, त्यांनी ते अंगावर वाचलंय.

तिसऱ्यावर मात्र थांबा, कारण ते आपल्या महाराष्ट्रातून गेलेलं प्रकरण आहे आणि त्यात तर्काची पूर्ण कुस्ती झाली. २० मार्च २०१८, सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ठरवलं की ॲट्रॉसिटी कायद्याचा गैरवापर होतोय. तेव्हा गुन्हा नोंदवण्याआधी चौकशी करा, अटकेआधी मंजुरी घ्या, अटकपूर्व जामिनाचा दरवाजाही उघडा. निकालात आकडे दिले होते. २०१५ मध्ये ह्या कायद्याखालचे १५,६३८ खटले कोर्टात निकाली निघाले. ११,०२४ मध्ये आरोपी सुटले, ४९५ मागे घेतले गेले, ४,११९ मध्ये शिक्षा.

आकडे खरे माना. खरेच आहेत. आता त्यातून 'गैरवापर' हा शब्द कसा निघतो ते सांगा. मधलं गृहीतक : आरोपी सुटला म्हणजे फिर्याद खोटी होती. उलटं करा : फिर्याद खरी असूनही आरोपी सुटू शकतो. सुटतो की नाही? हा प्रश्न मी परीक्षेच्या साच्यात आमच्या वर्गाला घातला. 'खालीलपैकी कोणते विधान वरील युक्तिवाद दुबळा करते? अ) तपास निकृष्ट होता. ब) साक्षीदार गावच्या दडपणाने फितूर झाले. क) खटला वर्षानुवर्षं लांबला. ड) वरील सर्व.' क्लासला जाणारी एक पोरगी, तोंड न उघडणारी, पटकन म्हणाली, ड. मग थांबली आणि म्हणाली, 'सर, पण हे सर्वोच्च न्यायालय आहे ना?' तिला जन्मजात काही येत नव्हतं आणि तिच्यात कमीही काही नव्हतं. फक्त मोठ्या खुर्चीवरचं विधान तपासायची परवानगी आपल्याला आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. २ एप्रिल २०१८ चा भारत बंद. रस्त्यावर माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेला कायद्यात १८-अ कलम घालावं लागलं. आणि १ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाच्याच तीन न्यायमूर्तींनी फेरविचारात ते निर्देश मागे घेतले. कारण काय दिलं? की खटले पडतात ते सदोष तपासाने, पुराव्याच्या अभावाने. त्यावरून अनुसूचित जाती-जमातीची माणसं वर्ग म्हणून कायद्याचा गैरवापर करतात असं धरता येत नाही. म्हणजे उत्तर 'ड'च्या आसपासच. त्या तिघांत अमरावतीचे भूषण गवई होते, जे पुढे १४ मे २०२५ ला सरन्यायाधीश झाले आणि त्याच नोव्हेंबरात निवृत्त झाले.

मी असं म्हणत नाही की कोर्टात तर्काने झालं, रस्त्याने नाही. रस्त्यावरची माणसं नसती तर तो फेरविचार एवढ्या गांभीर्याने झाला असता, असं मानायला मी तयार नाही. पण रस्त्यावरच्या माणसाची घोषणा निकालपत्राच्या भाषेत उतरवायला आत कुणीतरी लागतो. तो आपला असला तर बरं. आपला नसला तर तो भाड्याने मिळतो, आणि भाडं परवडत नाही.

तालुक्याच्या कोर्टात तर हे रोजचं आहे. 'फिर्याद तीन दिवस उशिरा, सबब संशयास्पद.' गृहीतक : खरं बोलणारा माणूस लगेच ठाण्यात जातो. ज्याचं घर जाळलं तो आधी जखमी बापाला दवाखान्यात नेतो, मग पोरांना नातेवाइकाकडे पोचवतो, मग ठाण्यात जातो, तिथून हाकलला जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. हे उलट्या वाक्यात बसवून न्यायाधीशासमोर ठेवणारा वकील पाहिजे. नाहीतर खैरलांजी होते. २००६ मध्ये एका दलित कुटुंबातली चार माणसं गावाने मारली. शिक्षा झाल्या, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागला नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानेही म्हटलं की हा सूड होता, जात नव्हे. जणू दोन्हीतलं एकच असू शकतं. सूड जातीने घेता येत नाही काय? गाईडात ह्याला खोटा पेच म्हणतात, आणि त्यावर एक मार्काचा प्रश्न येतो.

आता दुसऱ्या तटाशी, गप्प बसणाऱ्यांशी दोन शब्द. हा पेपर म्हणजे अकलेचं थर्मामीटर नव्हे. अमेरिकेत वकिलीसाठी एलसॅट नावाची परीक्षा १९४८ पासून आहे. तिच्यात बैठक व्यवस्थेसारखी कोडी होती, आकृत्या काढून सोडवायची. वकिलाच्या बुद्धीची खरी कसोटी म्हणून मिरवली जायची. दोन अंध उमेदवारांनी दावा लावला की आकृती काढता येत नाही म्हणून आम्ही वकील होऊ शकत नाही काय? २०१९ मध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून ती कोडी पेपरातून गेली. आकाश कोसळलं नाही. कसोटी माणसांनी बसवलेली असते, माणसं ती काढूही शकतात. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये, वैद्यकीय प्रवेशाच्या निकालात, मान्य केलंय की स्पर्धापरीक्षेतले मार्क म्हणजे संपूर्ण गुणवत्ता नव्हे. घरची शिदोरी, शाळा, भाषा ह्यांचा त्यात वाटा असतो. कुणी कँटीनमध्ये 'तुम्ही काय, कोट्यातले' म्हणालं तर रडू नका, भांडूही नका. त्याला विचारा : तुझ्या वाक्यातलं गृहीतक कोणतं?

बाकी अभ्यास सांगतो तो असा. उतारा वाचताना 'म्हणून', 'कारण', 'सबब' ह्या शब्दांखाली रेघ मारायची. इंग्रजीत त्यांचे भाऊबंद शोधायचे. 'सर्व', 'काही', 'फक्त' ह्यांच्याभोवती गोल करायचा. सर्व अ ब आहेत म्हणजे सर्व ब अ आहेत असं होत नाही. पाऊस पडला की गल्ली ओली होते. गल्ली ओली आहे म्हणून पाऊस पडला असं नाही, आपल्याकडे बहुतेक वेळा पाइप फुटलेला असतो. हे दोन नियम दोन महिने रोज अर्धा तास घासले की निम्मा विभाग हातात येतो. इंग्रजीला मात्र आडवाट नाही. रोज एक अग्रलेख मोठ्याने वाचा, आणि तो कुणाचं काय लपवतोय ते मराठीत एका ओळीत लिहा. शमनाद बशीर ह्या कायद्याच्या प्राध्यापकाने २०१० मध्ये गरीब पोरांना क्लॅटसाठी तयार करायला 'इडिया' सुरू केली. तिथे चौकशी करा. बशीर २०१९ मध्ये गेले.

पुढच्या अंकापासून दोन पानं आपण ह्यालाच देतोय. दर अंकात एक निकालपत्र, त्यातला एक उतारा मराठीत, आणि खाली परीक्षेच्या साच्यातले पाच प्रश्न. उत्तरं त्यापुढच्या अंकात. प्रश्न मी एकटा काढणार नाही. वर्गातली पोरं काढतील, आणि चुकीचे निघाले तर वाचकांनी पत्र लिहून हाणावं. तुमच्या तालुक्यात एखादा ॲट्रॉसिटीचा खटला पडला असेल तर निकालाची झेरॉक्स पाठवा, फिर्यादीचं नाव झाकून. आणि रविवारी विहारात येताना पेन्सिल आणा. पेनाने खुणा केल्या की तो कागद पुढच्याला वापरता येत नाही.

जय भीम.